मधेच म्हटलेलं आमेन

"सूनबाई, इथं गुडघे टेक," मामंजी म्हणाले.

मी खाली पाहिलं. काळा, ओबडधोबड कातळ, त्यावर धारदार शिंपल्या चिकटलेल्या आणि मधे मधे खळग्यांत साचलेलं पाणी. मला पाचवा महिना चालू होता, पाय सुजले होते. म्हटलं, "मामंजी, इथं? बंगल्यावर गेल्यावर करू या ना."

"बंगल्यावर कशाला? समोर देवाची एवढी मोठी निर्मिती आहे, सगळे पुढारी एका जागी आहेत. याहून चांगली जागा कुठं मिळायची?"

मामंजींपुढं कुणाचं काही चालत नसे. रेव्हरंड दौलतराव वैरागर म्हणजे आमच्या नगरकडच्या मंडळीत मोठं प्रस्थ. माझे यजमान सदानंद सायकलवरून खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरायचे, चौकात उभं राहून शंभर माणसांपुढं बोलायचे, पण बापासमोर त्यांच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही. त्यांनी गुपचूप खिशातला रुमाल काढला, चौघडी केला आणि माझ्या गुडघ्यांखाली सरकवला. तेवढीच त्यांची बंडखोरी.

आम्ही आलो होतो ते मिशनच्या पुढाऱ्यांच्या सभेला. त्या वर्षी ती कोकणात, समुद्रकाठच्या एका गावी, मिशनच्या जुन्या बंगल्यात भरली होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांचा काही दोष नव्हता. पाळक, बोर्डिंगच्या बाया, दवाखान्याचे डॉक्टर, सगळे आपापले अहवाल घेऊन आले होते. अहवाल वाचून संपले की शेवटी एक दुपार किनारा बघायची, असा बेत. तिथं सुनेचं काय काम, असं कुणीही विचारील. मला नेलं होतं माझ्यासाठी प्रार्थना करायला. दोनदा माझी कूस रिकामी झाली होती. पहिल्यांदा अगदी सुरुवातीला, दुसऱ्यांदा याच सुमाराला, पोट दिसायला लागल्यावर. ही तिसरी खेप.

माझ्या आईनं निघताना हात जोडले होते. "दौलतराव, घाटातनं यष्टीनं पोरीला नेऊ नका."

मामंजी म्हणाले, "विहीणबाई, इतक्या देवमाणसांचे हात एकदम तिच्या डोक्यावर पुन्हा कधी पडायचे?"

खोटं कशाला बोलू, मलाही यायचं होतं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांपेक्षा माझा भरवसा त्या हातांवर जास्त होता. आदल्याच आठवड्यात पोटात पहिल्यांदा काहीतरी फडफडलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की जातं, अशी माझी धास्ती.

पण समुद्राची भीती वाटेल हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी दुष्काळी मुलखातली. आमच्याकडं पाणी विहिरीच्या तळाशी असतं, ते बघायला वाकावं लागतं. इथं पाणी उभं राहून माझ्याकडं बघत होतं.

आम्हांला फिरवायला सुलेमानचाचांचा टेम्पो ठरवला होता. त्यांनी आधी दीपगृह दाखवलं, मग सुक्या मासळीचा बाजार. तिथं बोर्डिंगच्या लिडियाबाई उजगरे नाकाला पदर लावून टेम्पोतच बसल्या. मग हा कातळ. किनाऱ्यापासून थोडा आत, समुद्रात शिरलेला. ओहोटीला मधल्या घळीतली वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं.

सुलेमानचाचा म्हणाले, "जा, बघून या. पण तिथं बसकण मारू नका. पाणी एकदा फिरलं की पुढनं येत नाही, मागनं येतं."

पाळक मकासरे हसले. जाडजूड माणूस, सदा हसरा. "चाचा, समुद्र पुढं आहे, मग पाणी मागनं कसं येईल?"

"बघून या," चाचा परत म्हणाले, आणि सुरूच्या झाडांखाली जाऊन आडवे झाले.

वर पाय घसरेल म्हणून कातळाच्या पायथ्याशी लिडियाबाईंनी सगळ्यांना वाळूत चपला काढायला लावल्या. बोर्डिंगच्या मुलींच्या लावाव्यात तशा ओळीनं लावल्या. मग आम्ही वर चढलो, वारा खाल्ला, मकासऱ्यांनी शिंपल्या गोळा केल्या, आणि मामंजी म्हणाले, सूनबाई, इथं गुडघे टेक.

मी टेकले. माझं तोंड समुद्राकडं. मामंजी माझ्यासमोर उभे राहिले, त्यांची पाठ समुद्राकडं नि तोंड किनाऱ्याकडं. बाकीचे भोवती कडं करून उभे. मग हात आले. आधी मामंजींचा, कपाळाच्या वर. मग लिडियाबाईंचा, मग एकावर एक सगळ्यांचे, डोक्यावर, खांद्यांवर, मानेवर. हात गरम होते. मी डोळे मिटून घेतले.

आता मामंजींच्या प्रार्थनेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं ती प्रसिद्धच होती. जेवणाआधी त्यांनी प्रार्थना धरली की रश्श्यावरची तर्री थिजायची. मंडळीतली पोरं म्हणायची, दौलतरावांनी पेरणीला सुरुवात केली तर आमेन काढणीला. पण शब्द असे की ऐकत राहावं. एक वाक्य दुसऱ्यांदा यायचं नाही. आणि ती चालू असताना डोळे उघडायची कुणाची छाती नव्हती. मी लहानपणी प्रार्थनेत डोळे किलकिले करायची. मग आई चिमटा काढायची. म्हणायची, "मधेच डोळे उघडले की प्रार्थना तिथंच तुटते. ज्याच्यासाठी मागितलं त्याला मग काही मिळत नाही." ते माझ्या मनात पक्कं बसलं होतं. त्या दिवशी तर मी डोळे इतके गच्च मिटले की दुखायला लागले. ज्याच्यासाठी मागत होते ते माझ्या पोटात होतं.

मामंजींनी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. मग आमचं घराणं, मग सदानंद, मग मी. "प्रभू, या तुझ्या दासीची कूस..." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, या खेपेला राहणार. इतकी माणसं मागताहेत, राहणारच.

मग गुडघ्याखालचा रुमाल भिजला.

मला वाटलं, खळग्यातलं पाणी असेल. थोड्या वेळानं माझ्या पायाच्या बोटांवरून गार काहीतरी सरकलं, परत गेलं, परत आलं. मागून. मी स्वतःला म्हटलं, रिबका, डोळे उघडायचे नाहीत. काहीही झालं तरी नाही.

मामंजी आता मिशनच्या दूरदूरच्या ठाण्यांसाठी मागत होते. जालन्याच्या दवाखान्यासाठी मागितलं. वाईच्या शाळेसाठी मागितलं. मग पुन्हा जालन्याच्या दवाखान्यासाठी. माझ्या मनात आलं, हे आत्ताच झालं की. त्यांचा हात माझ्या कपाळावर जड झाला होता आणि थरथरत होता. मला वाटलं, आत्मा उतरलाय.

पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं.

मी डोळे उघडले. मुद्दाम उघडले, नकळत नाही. समोर मामंजींची पँट, तिचे काठ भिजलेले. आणि त्या दोन पायांच्या बाजूनं लिडियाबाईंची काळी चप्पल पोहत पुढं गेली. तिच्या मागून मकासऱ्यांची एक.

मी मान वळवायला गेले. हातांनी ती वळू दिली नाही. कशीबशी काखेखालून मागं पाहिलं. जिच्यावरून चालत आलो होतो ती वाळू कुठंच नव्हती. कातळ आणि किनारा यांच्यामधे हिरवं पाणी भरलं होतं आणि ते हलत होतं. आम्ही सगळी नगर-जालन्याकडची माणसं. पोहता येणारं त्यात कुणी नव्हतं.

"मामंजी," मी म्हणाले.

परत म्हणाले, "मामंजी, पाणी."

"शांत हो पोरी," लिडियाबाई कानाशी कुजबुजल्या. "प्रभू काम करतोय."

मी उठायला गेले. सगळे हात एकदम खाली दाबले गेले. कुणीतरी म्हणालं, "होय प्रभू." दुसरं कुणीतरी म्हणालं, "होय प्रभू, तिला मोकळं कर." मी रडायला लागले तसे ते आणखी जोरात म्हणायला लागले. त्यांना वाटत होतं माझ्यात काही घडतंय. सदानंदांचा हात माझ्या डाव्या खांद्यावर होता, मला ओळखू येत होता, मी त्याला चिमटा काढला. त्यांनी उलट तो प्रेमानं दाबला. मला इतका राग आला, सांगते, की भीतीच्या वर राग आला.

एक लाट मागून आली आणि माझ्या मांड्यांवरून गेली. मिटलेल्या डोळ्यांची ती सगळी मोठी माणसं हलली, सावरली, पण डोळे कुणी उघडले नाहीत. "प्रभू, आमचा विश्वास पाहा," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

मला कळलं की ओरडून उपयोग नाही. ही माणसं ओरडण्यानं डोळे उघडणार नाहीत. ती एकाच शब्दानं उघडतात. आणि तो शब्द म्हणायचा तर माझ्या लेकरासाठी चाललेली प्रार्थना मीच तोडायची. आईचा चिमटा मला दंडावर जाणवला. मनात म्हटलं, लेकरा, मला माफ कर.

मामंजींचं वाक्य अर्धं होतं. मी फुफ्फुसात होती तेवढी हवा काढून म्हणाले, "येशू ख्रिस्ताच्या नावानं मागतो, आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

अंगवळणी पडलेलं असतं ना. आमेन ऐकलं की आमेन निघतं, हात उचलले जातात, डोळे उघडतात. तसे उघडले. मकासऱ्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"हात धरा," लिडियाबाई म्हणाल्या. बोर्डिंगमध्ये जन्म घालवलेली बाई, तिला आधी भान आलं. "एकमेकांचे हात धरा, कुणी सोडायचे नाहीत. सदानंद, तुम्ही उंच आहात, पुढं व्हा."

सदानंद उतरले. पाणी त्यांच्या कमरेच्या वर आलं. एकेक जण त्यांच्यामागून. मकासऱ्यांनी गीत धरलं, तशा लिडियाबाई म्हणाल्या, "मकासरे, तोंड मिटा, पाणी जाईल."

मी मागं पाहिलं. मामंजी कातळावरच उभे होते.

"मामंजी, उतरा."

"तुम्ही व्हा पुढं."

"पुढं कुठं? उतरा."

"मला येत नाही गं," ते म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून मी असलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

"कुणाला येतंय?" मी म्हणाले, आणि त्यांचं मनगट धरलं. त्यांनी माझं धरलं. नखं रुतली. एका हातात मामंजी, दुसऱ्या हातात लिडियाबाई, अशी मी पाण्यात उतरले. गार पाणी पोटाला लागलं आणि आत सगळं आक्रसून गेलं. मला वाटलं, गेलं. हे पण गेलं.

मधल्या घळीत माझे पाय सुटले. एक क्षण खाली काहीच नव्हतं. पाणी हनुवटीला आलं, खारट घोट नाकातोंडात गेला, आणि दोन्हीकडचे हात ताणले गेले. कुणी सोडले नाहीत. तेवढ्यात किनाऱ्याकडून शिव्या ऐकू आल्या. सुलेमानचाचा लुंगी खोचून कमरेभर पाण्यात धावत येत होते, टेम्पोतला सामान बांधायचा दोर त्यांच्या खांद्यावर होता. दोर त्यांनी सदानंदांकडं फेकला. नंतरचं मला नीट आठवत नाही. वाळूवर मी ओकले एवढं आठवतं.

"बसू नका म्हटलं होतं," चाचा धापा टाकत म्हणत होते. "काय करत होता तिकडं?"

शेवटी मकासरे म्हणाले, "प्रार्थना."

चाचांनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

संध्याकाळी बंगल्याच्या दिवाणखान्यात साक्षी झाल्या. ज्याला वाटेल त्यानं उठून देवानं काय केलं ते सांगायचं, अशी आमची पद्धत. मकासऱ्यांचं हसू परत आलं होतं. ते उठून म्हणाले, "दौलतरावांची प्रार्थना अशी की समुद्रसुद्धा आमेन होईपर्यंत थांबला. आपल्याला तांबडा समुद्र पार केल्यासारखं झालं." सगळे "होय, होय" म्हणाले. गीत झालं. मी कोपऱ्यात शाल गुंडाळून बसले होते, दोन्ही हात पोटावर. आमेन कुणी म्हटलं याचा कुणी शब्द काढला नाही. माझा जीव जळत होता, पण खरं सांगते, तो त्यापायी नव्हता. कातळावरून उतरल्यापासून पोटात काही फडफडलं नव्हतं. मामंजी पहिल्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. सगळे त्यांना म्हणत होते, उठा, दोन शब्द बोला. ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर तोंड धुवायला गेले, तर मामंजी कठड्याशी बसलेले. अनवाणी. चपला समुद्रानं नेल्या होत्या.

"रिबका," ते म्हणाले.

ते मला नेहमी सूनबाई म्हणायचे. मी थांबले.

"काही जाणवतंय का?"

मी मान हलवली. नाही.

ते विहिरीत बघत म्हणाले, "मी तुझ्या आधी पाहिलं होतं."

"काय?"

"पाणी. माझं तोंड किनाऱ्याकडं होतं ना. वाऱ्यानं डोळ्यात काही गेलं म्हणून उघडले, तर घळ अर्धी भरलेली."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. "मग आमेन का नाही म्हटलंत?"

"आमेन म्हटलं असतं तर सगळ्यांनी डोळे उघडले असते आणि माझ्याकडं पाहिलं असतं. दौलतराव, आता काय करायचं? मला काही सुचत नव्हतं. म्हणून मी डोळे परत मिटले. म्हटलं, चालू आहे तोवर चालू राहू दे."

जालन्याचा दवाखाना दोनदा का आला, ते मला तेव्हा कळलं.

"माझ्या पोटात तुमचं नातवंड आहे," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "ठाऊक होतं ना तुम्हांला?"

"ठाऊक होतं म्हणून तर जास्त घाबरलो."

मला त्या म्हाताऱ्याला खूप बोलायचं होतं. माझ्या मनगटावर त्यांच्या नखांचे वळ होते. ते त्यांनाही दिसत होते. ते म्हणाले, "समारोपाला उभा राहून सगळ्यांसमोर सांगू का? तू म्हणशील तर सांगतो."

"मला सांगितलंत तेवढं बास," मी म्हणाले. "आता हे हलू दे म्हणजे झालं. मी मधेच तोडलीय ती."

"तू तोडली नाहीस," मामंजी म्हणाले. "ती माझ्याकडून कधीच तुटली होती. नुसतं तोंड चालू होतं."

समारोप झाला, आम्ही यष्टीत बसलो. सदानंद माझ्या शेजारी, मामंजी पुढच्या बाकावर. मी खिडकीला डोकं टेकून प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरत होते. घाट चढताना एका वळणावर गाडी गचकली आणि आत कुणीतरी टुणकन लाथ मारली. फडफड नाही, चांगली लाथ. मी पुढं वाकून मामंजींच्या खांद्याला हात लावला. ते वळले. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. त्यांनी परत पुढं तोंड केलं आणि घाट संपेपर्यंत रुमालानं नाक पुसत राहिले.

शलोमी झाली. आता तिचीच पोरं कॉलेजात आहेत.

त्या वर्षापासून आमच्या घरी प्रार्थनेला बसलं की मामंजी आधी म्हणायचे, "रिबका, तू डोळे उघडे ठेव." पाहुण्यांना वाटायचं चुलीवर दूध असेल. कुणी विचारलंच तर मी म्हणायची, हो, दूध आहे. सदानंदांनाही मी यापलीकडं काही सांगितलं नाही. मामंजींची प्रार्थना मात्र आखूड झाली. मंडळीत लोक म्हणायचे, दौलतराव थकले. शलोमी त्यांच्या मांडीवर बसून प्रार्थनेत टकामका बघत राहायची. तिला त्यांनी एकदाही दटावलं नाही.

ते गेले त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. मकासरे काठी टेकत आले होते. त्यांनी प्रार्थना धरली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मी नेहमीप्रमाणं उघडे ठेवले. पाहते तर मामंजींचेही उघडे. ते माझ्याकडं बघत होते. कातळावर मला त्यांचा चेहरा दिसला नव्हता, पण तो असाच असणार, हे मला त्या वेळी समजलं.

मी हात पुढं केला. त्यांनी मनगट धरलं, त्याच जागी. आता नखांत जोर नव्हता.

मकासरे पाळक झाल्यापासूनच्या सगळ्या आठवणी देवाला सांगत होते. मामंजींचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता तू म्हण."

मी मकासऱ्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, "येशू ख्रिस्ताच्या नावानं मागतो, आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. मामंजींनी मिटले.